वाटेत नसलेली किल्ली

२४ जुलै १९९१ रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि पुढे त्यातल्याच उदारीकरणाच्या वाटेने मर्सिडीज, फोक्सवॅगनसारख्या कंपन्या पुण्याजवळ चाकणच्या माळावर आल्या. त्या अर्थसंकल्पाला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच ५ ऑगस्टला ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये ऑक्सफर्डमधल्या आर्तुर एकर्ट या पोलिश तरुणाचा तीन पानी लेख छापून आला. पिंपरीच्या टेल्कोत किंवा आकुर्डीच्या बजाजमध्ये त्याची वार्ता पोचण्याचं कारण नव्हतं. पण संदेश कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली दोघांत वाटून घेण्याच्या शास्त्रात एन्टँगलमेंट, म्हणजे दोन कणांची क्वांटम गुंफण, रुजलं ते याच लेखामुळे.

या शास्त्राचा पहिला अध्याय मात्र भारतात वाचला गेला होता. डिसेंबर १९८४ मध्ये बंगळूरला भरलेल्या परिषदेसाठी विजय भार्गव यांनी जिल ब्रासार यांना बोलावलं. विषय तुमच्या आवडीचा, असं आमंत्रण होतं. ब्रासार आणि चार्ल्स बेनेट यांची ‘बीबी८४’ पद्धत जगापुढे आली ती अशी. तीत एन्टँगलमेंट नव्हतं. एक बाजू एकेक फोटॉन पाठवते, दुसरी मोजते. वाटेत कुणी डोकावलं की चुका वाढतात आणि चोरी उघडी पडते.

एकर्टनी जोडीने जन्मलेले, गुंफलेले कण घेतले. जोडीतला एक इकडे, एक तिकडे. मोजमापाची दिशा दोन्ही टोकांना ऐनवेळी, कुणालाही आधी सांगता येणार नाही अशी निवडायची. दिशा जुळल्या तिथली उत्तरं परस्परांशी नेमकी बांधलेली असतात, त्यांची किल्ली होते. उरलेल्या मोजमापांवर जॉन बेल यांची १९६४ ची कसोटी लावायची. साध्या जगाच्या नियमांनी तिचा आकडा २ च्या वर जात नाही, एन्टँगलमेंट शाबूत असेल तर २.८३ पर्यंत चढतो. मोजेपर्यंत किल्ली अस्तित्वातच नसते, मग वाटेत चोरणार काय? १९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी क्वांटम सिद्धांताचं अपुरेपण दाखवायला जो दाखला दिला होता, तो असा पहारेकऱ्याच्या कामी आला. आइन्स्टाइनना हे रुचलं नसतं.

एकर्टच्या लेखानंतर पुढच्याच वर्षी बेनेट, ब्रासार आणि डेव्हिड मर्मिन यांनी दाखवलं की गुंफलेले फोटॉन वापरूनही बेलच्या कसोटीवाचून काम भागतं. मग बरीच वर्षं ती कसोटी शोभेची वाटत राहिली. २००४ मध्ये व्हिएन्नात आंतोन झायलिंगर यांच्या चमूने गुंफलेल्या फोटॉनच्या किल्लीने बँकेत पैसे पाठवून दाखवले. टाळ्या पडल्या, बाजार मात्र सोप्या, एकेका फोटॉनच्या यंत्रांकडेच वळला.

२०१० मध्ये वादिम माकारोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या अशा यंत्रांच्या डिटेक्टरवर प्रखर प्रकाश टाकून त्यांचा ताबा घेतला आणि किल्ली चोरता येते हे दाखवलं. कुणाला पत्ताही लागला नसता. सिद्धांत बिनचूक होता, डबा फितूर झाला होता.

इथे चाकणच्या माणसाला गोष्ट चटकन कळेल. व्हेंडरचा माल त्याच्या शब्दावर आत घेत नाहीत. इनकमिंग इन्स्पेक्शनला गो-नोगो गेज लावतात: मापात बसलं तर आत, नाही तर परत. बेलची कसोटी हा तसला गेज आहे. यंत्र कुणी बनवलं, आत काय दडवलं, हे माहीत नसलं तरी आकडा खरं बोलतो. कसोटीतल्या पळवाटा बुजवलेला पहिला प्रयोग २०१५ मध्ये डेल्फ्टला झाला. २०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या चमूने यंत्रावर विश्वास न ठेवता किल्ली बनवली: दोन मीटर अंतरावर, आठ तासांत सुमारे ९५ हजार बिट. अंतर पाहून हसू येईल, पण एन्टँगलमेंटचं खरं मोल इथे आहे, असं हा मागोवा घेताना वाटतं.

भारताने हा रस्ता उशिरा धरला. जानेवारी २०२२ मध्ये अहमदाबादेत इस्रोचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर आणि फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी यांनी ३०० मीटरवर गुंफलेल्या फोटॉनने किल्ली वाटली. जून २०२५ मध्ये आयआयटी दिल्ली आणि डीआरडीओने मोकळ्या हवेत एक किलोमीटरहून जास्त पल्ला गाठला. वेग सेकंदाला सुमारे २४० बिट. म्हणजे २५६ बिटांची एक किल्ली बनायला सेकंदभर.

पुण्याच्या वाट्याला आली ती दुसरी बाजू. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओच्या पुण्यातल्या क्वांटम प्रयोगशाळेने मुंबईच्या टीआयएफआरबरोबर सहा क्युबिटच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. आजची गणिती कुलुपं ज्या जातीची यंत्रं उद्या फोडतील, तिचं हे बाळ. सहा क्युबिटने कुठलंच कुलूप हलत नाही, हेही सांगायला हवं.

भाबडेपणाही नको. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर बसलं. दोन्हीकडे घाव बसला तो संगणक यंत्रणेवरच. फोटॉन कितीही गुंफलेले असते तरी हे टळलं नसतं. चाकणहून आज निघालेली गाडी दहा-पंधरा वर्षं धावेल. धावत्या गाडीपर्यंत असे फोटॉन पोचवण्याची व्यवहार्य सोय नाही, तिचं कुलूप गणितीच राहणार. त्यासाठीचे नवे निकष अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले.

एन्टँगलमेंटला जागा आहे ती दोन ठरल्या इमारतींमध्ये. पिंपरी ते चाकण वीसेक किलोमीटर. चांगल्या फायबरमधून तेवढ्यात शंभरातले चाळीस फोटॉन टिकतात. मुंबईपर्यंतच्या दीडशे किलोमीटरमध्ये हजारात एक उरतो. फोटॉनची नक्कल करता येत नाही, म्हणून मध्ये नेहमीचा ॲम्प्लिफायर चालत नाही. क्वांटम रिपीटर लागतो, त्याचं काम एन्टँगलमेंटच्याच जोरावर चालतं, आणि तो अजून प्रयोगशाळांमध्येच घडतो आहे.