निकलचें बीड आणि नांगराचा फाळ

पांचगणीच्या पायथ्याशीं, कृष्णेच्या खोऱ्यांत, पंपानें पाणी उचलणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांस दुकानदारानें सांगितलें कीं, पंपाचें चाक साध्या बिडाचें न घेतां 'निकलच्या बिडाचें' घ्यावें. तें गंजत नाहीं व कधीं फुटतहि नाहीं. किंमत मात्र कित्येक पटींनीं अधिक. हा खर्च करावा कीं नाहीं, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. प्रश्न इतरांसहि पडण्यासारखा आहे, म्हणून त्याचा खुलासा येथें करीत आहों.

बीड म्हणजे शेंकडा सुमारें तीन-चार भाग कार्बन असलेलें ओतीव लोखंड. निवतांना हा कार्बन ग्राफाइटच्या, म्हणजे शिसपेन्सिलींतील काळ्या पदार्थाच्या, रूपानें वेगळा पडतो. साध्या बिडांत त्याचे पातळ पापुद्रे बनतात. असा प्रत्येक पापुद्रा म्हणजे धातूच्या पोटांतील एक चीरच. म्हणून घणाचा घाव बसतांच बीड दुभंगतें. १९४३ सालीं अमेरिकेंत इंटरनॅशनल निकल कंपनीच्या प्रयोगशाळेंत कीथ मिलिस यांनीं वितळलेल्या बिडांत थोडें मॅग्नेशियम मिसळलें, तेव्हां पापुद्र्यांच्या जागीं वाटोळ्या गुठळ्या झाल्या आणि ठिसूळपणा गेला. साधें बीड तुटण्यापूर्वीं शेंकडा एक भागहि ताणलें जात नाहीं. ह्या चिवट बिडाची मऊ जात अठरा भागांपर्यंत ताणली जाते.

ह्याच चिवट बिडांत शेंकडा १८ ते २२ भाग निकल व थोडें क्रोमियम घातलें कीं तिसरा प्रकार होतो. लोखंडाची जी अंतर्रचना एरवीं लाल तापल्यावरच आढळते, जिला ऑस्टेनाइट म्हणतात, ती निकलमुळें थंडपणींहि टिकून राहते. त्यामुळें हें बीड खाऱ्या पाण्यांत फार काळ टिकतें आणि मोठी उष्णताहि सोसतें. पण बळ पाहूं गेल्यास तें दर चौरस मिलिमीटरास सुमारें ४० किलो, म्हणजे साध्या चिवट बिडाइतकेंच. आणि ताण शेंकडा आठच्या आसपास. सारांश, 'कधीं फुटत नाहीं' हें म्हणणें दुकानदाराचें, धातूचें नव्हे. रत्नागिरीकडे खाडीचें पाणी उपसणाऱ्यानें हा खर्च जरूर करावा. कृष्णेच्या गोड्या पाण्यास तो कशाला?

ह्या बिडाची एक खूण मात्र प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी. त्यास लोहचुंबक जवळजवळ चिकटतच नाहीं. (पितळेसहि चिकटत नाहीं, तेव्हां एवढ्यावरून धातु ओळखूं नये, पण चिकटला तर तें निकलचें बीड खास नव्हे.) आमच्या स्नेह्यांनीं खिशांत चुंबक नेला, तो त्या महागड्या चाकास घट्ट बसला! दुकानदार म्हणाला, माल वरून तसाच आला. स्नेह्यांनीं साध्या चिवट बिडाचें चाक घेतलें.

आतां फाळाविषयीं. निकलचें बीड मऊ असल्यानें तें फाळास निरुपयोगी. फाळास काठिण्य लागतें. इंग्लंडांत रॉबर्ट रॅन्सम यांनीं १८०३ सालीं युक्ति काढली कीं, फाळाचा खालचा अंग लोखंडी सांच्यावर ओतून एकदम गार करावा. खालची बाजू कांचेसारखी कठीण होते, वरची मऊ राहते. वरची आधीं झिजते आणि धार आपोआप राहते. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास बेळगांवीं लोखंडी नांगर केले. लोखंडानें जमीन विषारी होते ह्या समजुतीपायीं आरंभीं त्यांस गिऱ्हाईक मिळेना. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यांत आहे.

कठीण फाळाचा दोष असा कीं, जांभ्याचा दगड लागला तर तुकडा उडतो, आणि पांचगणीच्या पठारावर जांभ्यास तोटा नाहीं. त्यावर नवा तोडगा निघाला आहे: चिवट बीड तापवून २५० ते ४०० अंश उष्णतेच्या वितळलेल्या क्षारांत कांहीं वेळ ठेवतात. मग निकलच्या मोठ्या भागाशिवायच, कार्बनच्या जोरावर, थोडें ऑस्टेनाइट आंत उरतें. गंमत ही कीं, माती-खडे घासूं लागले कीं वरच्या थरांतील तें ऑस्टेनाइट कठीण रूप घेतें, आणि आंतला गाभा चिवटच राहतो. खडकाळ रानाच्या धन्यानें फाळ घेतांना तो अशा रीतीनें पाणी दिलेला आहे काय, एवढें विचारावें.