कलत्या घराची मांडामांड

सप्टेंबर 1968. दक्षिण महासागरातल्या वादळात एका लाटेनं 'सुहेली' नावाची शिडाची बोट आडवी केली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन केबिनमध्ये झोपला होता. अंगावर सामान कोसळलं तेव्हा त्याला जाग आली. बोट आपणहून सरळ झाली, पण केबिनचा सांगाडाच डेकवर किंचित सरकला होता. टाक्यांमधलं पिण्याचं पाणी खराब झाल्याचंही पुढं लक्षात आलं. त्यानंतर भिस्त उरली ती कॅनमधल्या थोड्या पाण्यावर आणि शिडावरून ओघळणारं पाऊसपाणी धरून ठेवण्यावर.

मुंबईत बांधलेली ही 32 फुटी सागवानी बोट 22 एप्रिल 1969 रोजी इंग्लंडमधल्या फॅलमथ बंदरात पोचली. एकट्यानं, कुठंही न थांबता केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. 312 दिवस लागले. अशा सफरींच्या गोष्टी शिडांच्या आणि लाटांच्या असतात. पण माणूस राहतो तो डेकखालच्या खोलीत, आणि ती लावणं हासुद्धा बोट चालवण्याचाच भाग आहे.

आडवी झाली तर?

तीस-बत्तीस फुटी बोटीची केबिन साधारण ठरलेली असते. शिडीवरून खाली उतरलं की एका बाजूला शेगडी नि सिंक, दुसऱ्या बाजूला नकाशाचं टेबल. पुढं दोन्हीकडं बाकं. दिवसा बसायची, रात्री झोपायची. बाकांखाली कप्पे, आणि नाळेकडं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, आणखी एक झोपायची जागा.

घरात वस्तू कपाटात मावली की काम झालं. इथं मावल्यावर पुढचा प्रश्न येतो: बोट आडवी झाली तर ही जाईल कुठं? म्हणून डबाबंद अन्न, हत्यारं, बॅटऱ्या असं जड सामान शक्य तितकं खाली आणि मध्याजवळ ठेवतात. टोकांना वजन वाढलं की बोट लाटेवर सहज उचलली जात नाही, नाळ पाण्यात घुसते. बॅटऱ्या पट्ट्यांनी आवळतात, कप्प्यांच्या झाकणांना खिट्ट्या बसवतात. टेबलाला आणि फळ्यांना उभी कड असते, ताटल्या घसरू नयेत म्हणून. बाकाच्या कडेला जाड कापड वर ताणून बांधतात. झोपलेला माणूस त्यात अडतो. शेगडी दोन बाजूंना खिळींवर टांगलेली असते. बोट कलली तरी ती झुलत सपाट राहते आणि वरचा कुकर जागचा हलत नाही. स्वयंपाक करणारा मात्र कमरेला पट्टा बांधून उभा असतो.

मीठ आणि बुरशी

लाटेपेक्षा चिवट शत्रू म्हणजे ओल. समुद्राच्या पाण्यात भिजलेला टॉवेल उन्हात कडकडीत वाळवून केबिनमध्ये टांगा, संध्याकाळी तो पुन्हा दमट लागतो. धाग्यांत राहिलेलं मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं. म्हणून खारे कपडे शिडीपाशीच उतरवायचे, आणि मिळेल तेव्हा गोड्या पाण्यातून काढायचे.

गादीखालीही हेच. अंगाची ऊब वरून, गार फळी खालून. मधल्या बाष्पाचं पाणी होतं नि बुरशी धरते. गादीखाली पट्ट्यांची जाळी ठेवली आणि रोज गादी उभी केली की निम्मं काम झालं. उरलेलं काम हवेचं. 1930 सालच्या 'डोराड' या शर्यतीच्या बोटीवरून नाव पडलेल्या झडपेत आडपडद्याची पेटी असते. वाऱ्याबरोबर आलेलं पाणी पेटीतून डेकवर निथळतं, आत उतरते ती फक्त हवा.

फळीखाली

पायाखालच्या फळ्या उचलल्या की बिल्ज, म्हणजे बोटीचा तळ. सांडलेलं, झिरपलेलं सगळं पाणी इथं जमतं. जुने दर्यावर्दी डब्यांवरची कागदी लेबलं काढून टाकत आणि झाकणावर रंगानं खूण करत. लेबल भिजून सुटलं की त्याचा लगदा पंपाच्या तोंडाशी अडकतो, आणि पाणी उपसायच्या ऐन वेळी पंप बंद पडतो. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच रिकामी करायची. त्यांच्या घड्यांतून झुरळांची अंडी बोटीवर येतात.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं गळला तर तोही बिल्जमध्ये साठतो आणि एका ठिणगीनं स्फोट होतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा केबिनपासून बंदिस्त ठेवतात आणि त्याच्या तळाचं भोक थेट बोटीबाहेर काढतात. तळाला जिथं जिथं भोक पाडून तोटी बसवली आहे, तिथं त्याच मापाची लाकडी गुडदी दोरीनं बांधलेली हवी. तोटी तुटली तर गुडदी शोधायला वेळ नसतो.

मुंबईत पावसाळ्याआधी बहुतेक शिडाच्या बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. तेव्हा गाद्या घरी न्यायच्या, कप्प्यांची झाकणं उघडी टाकायची, बिल्ज गोड्या पाण्यानं धुऊन कोरडं करायचं. बंद कप्प्यातली ओल चार महिन्यांत प्लायवूड कुजवू शकते.

हंगामाच्या सुरुवातीला कप्प्यांना आकडे द्यावेत, वहीत यादी करावी आणि काढलेला प्रत्येक डबा त्यातून खोडावा. मग धक्क्याला बांधलेल्या बोटीतच एका रात्री दिवे मालवून टॉर्च, गुडदी नि औषधांची पेटी हाताला लागते का ते पाहावं. न लागलेल्या वस्तूची जागा बदलावी, आणि बोटीवरच्या प्रत्येकाकडून हीच परीक्षा देऊन घ्यावी. मांडणी करणारा एकटाच पास झाला, तर मांडणी नापास.