कोयत्याचे म्यान आणि कातड्याचा प्रश्न

पाटण तालुक्यात कोयता नसलेले घर शोधून सापडणार नाही. वैरण, सरपण, बांधावरची झुडपे, सगळे त्यानेच होते. पण तो ठेवायचा कुठे? वाशात खोचून, नाहीतर पोत्यात गुंडाळून. एसटीत पोत्यातून पाते बाहेर आलेले आणि शेजारचा प्रवासी अंग चोरून बसलेला, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कोयत्याला कातड्याचे म्यान, सुरीला लाकडी मूठ, खांद्याला कातड्याची पिशवी या तिन्ही वस्तू घरच्या पडवीत हाताने करता येतात. मशीन लागत नाही, गाळा लागत नाही.

तरीही आपल्या घरांत कातड्याचे नाव काढले की वडीलधारी माणसे गप्प होतात. त्या गप्प होण्याला इतिहास आहे, म्हणून आधी तो.

मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेणे ही महारकी होती. कातडे कमावणे ढोरांकडे, जोडे शिवणे चांभारांकडे. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे सोडा असे सांगितले. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. शिंगे, खुरे, कातडे यांचे उत्पन्न बुडवून आंबेडकर स्वतःच्याच लोकांचे नुकसान करत आहेत, असा हिशेब तेव्हा ‘केसरी’तून मांडला गेला होता. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची आठवण काढली. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, हा त्यांचा सवाल होता.

त्या सवालातच आपले उत्तर आहे असे मला वाटते. आपल्या आजोबांनी सोडली ती सक्ती. कामाला नकार देता येत नव्हता आणि मोबदला दुसरा ठरवत होता. आज कमावलेले कातडे पावती घेऊन विकत आणायचे, किंमत आपण लावायची आणि नको वाटेल त्या दिवशी आरी खाली ठेवायची, ही वेगळी गोष्ट आहे. तरीही ज्याला कातड्याला हात लावायचा नाही, त्याला कोणी कमी लेखू नये. २०१६ मध्ये उनाच्या तरुणांना मेलेल्या गाईचे कातडे काढले म्हणून बांधून मारले, ही गोष्ट फार जुनी नाही.

आता काम.

कातडे दोन तऱ्हांचे मिळते. क्रोमने कमावलेले मऊ असते आणि त्याची कापलेली कड निळसर राखाडी दिसते. ते पिशवीला चांगले. झाडपाल्याने कमावलेले ताठ असते, कड तपकिरी दिसते आणि पाण्याचा थेंब पडला की तेवढा भाग गडद होतो. म्यानाला हेच हवे, साधारण ३ मिलिमीटर जाडीचे. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, आणि हिरडा तर आपल्याच डोंगरांवर होतो. पाटणच्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी मुंबईत असते. त्यांना धारावीतून कातड्याचे उरलेले तुकडे आणायला सांगा. शिकायला ते पुरतात.

म्यानाचा आराखडा आधी जाड कागदावर काढा. पाते ठेवून रेघ मारा आणि धारेच्या बाजूला दीड सेंटिमीटर जागा सोडा. इथेच नवशिके फसतात. मी पहिले म्यान दोन थर थेट एकमेकांवर शिवून केले. आठवडाभरात धारेने आतून दोरा कापला आणि सुरी माझ्या मांडीपर्यंत पोहोचली. धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये कातड्याची एक पट्टी घालावी लागते. मग धार त्या पट्टीवर टेकते, शिलाईपर्यंत जात नाही.

भोके समान अंतरावर पाडायला महागडे अवजार नको. जेवणाच्या काट्याने दाबून खुणा करा आणि आरीने टोचा. एकाच मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवा आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी सुई काढा. मशीनच्या शिलाईत दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की टाके उसवत जातात. हाताच्या या शिलाईत एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. शिवून झाल्यावर कातडे ओले करा, पाते प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घाला, बोटांनी दाबून आकार द्या आणि सावलीत वाळवा. उन्हात कातडे तडकते.

कोयत्याचे गणित वेगळे. त्याचे पाते वाकडे, ते सरळ म्यानात सरकणारच नाही. म्हणून धारेची बाजू शिवायची, पाठीची बाजू उघडी ठेवायची आणि वरून बटणाचा पट्टा घ्यायचा. आपल्याकडच्या पावसात ओला कोयता म्यानात ठेवला तर पात्याला गंज आणि कातड्याला बुरशी, दोन्ही येतात. पुसून ठेवा. कामाचा हंगाम संपला की म्यानातून काढूनच ठेवा.

मुठीला बाभूळ किंवा शिसव. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीने जायला हव्यात, आडव्या गेल्या तर मूठ फुटते. लाकूड पूर्ण वाळलेले हवे. जंगलातून तोडून आणू नका. तालुक्याचा मोठा भाग कोयना अभयारण्याला आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, आणि सुताराकडे उरलेले तुकडे पडलेलेच असतात. सुरीला दोन बाजूंनी दोन फळ्या आणि पितळी रिव्हेट लावा, कानशीने गोलवा, मग जवसाचे तेल पाजा. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

पिशवीबद्दल फार सांगत नाही. म्यान जमले की पिशवी जमते, फक्त बंदाच्या जोडाला दुहेरी शिलाई द्या.

किंमत लावताना आपण हमखास चुकतो. समजा सामानाला १५० रुपये आणि कामाला ४ तास लागले. बहुतेक जण २५० सांगतात, म्हणजे तासाला २५ रुपये. एवढ्याला शेतावर मजूर तरी येईल का? जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि ओरड झाल्यावरच त्यांचे मूळ मान्य केले. ज्यांचे हात त्यांचे नाव नाही, हा प्रकार आपल्याला नवा नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राचे आणि कर्नाटकाचे चार-चार जिल्हे आहेत आणि सातारा त्यांपैकी एक. पण ते चपलेपुरते. आपल्या पिशवीला ‘कोल्हापुरी’ म्हणून विकू नका, पाटणची म्हणूनच विका. आणि चांभार, ढोर समाजातल्या जुन्या कारागिरांकडून शिकलात तर ते लपवू नका. विद्या त्यांची आहे.

सम्यक आजीविकेचा प्रश्न विहारात कोणीतरी विचारेलच. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, ते शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. कातडे त्या यादीत नाही, पण ते कुठून येते याचा विचार ज्याने त्याने करावा. शस्त्राबाबत मात्र मी स्पष्ट आहे. सुरी आणि कोयता यांना म्यान करतो, खंजिराला नाही. कायद्याच्या बाजूनेही हे सोयीचे आहे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती शस्त्र नियमांच्या यादीत येतात, घर, शेती आणि उद्योगाच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत.

भांडवलाचे म्हणाल, तर संत रोहिदास महामंडळ चर्मकार समाजासाठी आहे. नवबौद्धांनी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात विचारावे. सप्टेंबर २०२३ पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत चर्मकाम आणि सुतारकामही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते. ही योजना पिढीजात धंद्याची भाषा बोलते, ती मला खटकते. पण अर्ज करायचा असेल तर करा, पैसा करदात्यांचा म्हणजे आपलाही आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, तेव्हा घरात आधी बोलून घ्या, आणि बहिणीचा हात आरीवर जास्त बसलेला असेल तर अर्ज तिच्या नावाने भरा.