गोळीच्या आधी सीलचं पिल्लू

डिमेन्शिया झालेल्या वृद्धांच्या मांडीवर ‘पारो’ नावाचं पांढरंशुभ्र यांत्रिक सीलचं पिल्लू ठेवायला लागून आता दोन दशकं उलटली. जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी 1993 मध्ये काम सुरू केलं, 2005 पासून पारो जपानमध्ये विकलं जाऊ लागलं आणि 2009 मध्ये अमेरिकेने त्याची वैद्यकीय उपकरणांत गणना केली. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे नवजात बाळाइतकं. पाठीवरून हात फिरवला की ते डोळे मिटतं, हाक मारली की मान वळवतं, मारलं तर कळवळून ओरडतं. चार्ज करायची वायरसुद्धा बाळाच्या चोखणीसारखी तोंडात द्यायची. सीलच का, याचं शिबातांचं उत्तर मार्मिक आहे: कुत्र्यामांजराची नक्कल लोकांना लगेच खटकते, कारण खरी जनावरं त्यांच्या परिचयाची असतात, सीलचं पिल्लू सहसा कुणी जवळून पाहिलेलं नसतं.

पारो बाजारात आलं त्याच काळात औषधांबद्दलचं चित्र बदलत होतं. रुग्ण रात्री ओरडतो, येरझाऱ्या घालतो, अंगावर धावून येतो. मग त्याला शांत करायला मनोविकारावरच्या गोळ्या द्यायच्या, हा सर्रास प्रघात होता. अशा नव्या गोळ्यांमुळे डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल 2005 मध्ये दिला. ब्रिटनमध्ये 2009 च्या बॅनर्जी अहवालाने हिशेबच मांडला: वर्षाला सुमारे 1,80,000 रुग्णांना या गोळ्या दिल्या जातात आणि त्यापायी अंदाजे 1,800 जादा मृत्यू होतात. म्हणून पारोची तुलना सोबतीला बसणाऱ्या माणसाशी करणं मला चुकीचं वाटतं. ती या गोळीशी करायला हवी.

या तुलनेत पुरावा काय सांगतो? 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 61 रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात पारोसोबत वेळ घालवणाऱ्यांची चिंता कमी झाली आणि वेदनाशामक व मनोविकारावरच्या औषधांचा वापरही घटला. अभ्यास लहान होता, पण दिशा स्पष्ट होती. त्याच वर्षीचा ऑस्ट्रेलियातला प्रयोग मात्र फार मोलाचा. 28 वृद्धनिवासांतले 415 जण, दहा आठवडे. काहींना चालू पारो, काहींना बंद केलेलं पारो, म्हणजे निव्वळ मऊ खेळणं, आणि उरलेल्यांना नेहमीचीच देखभाल. चालू पारोशी लोक जास्त बोलले, त्याच्याकडे जास्त वेळ पाहत राहिले. नेहमीच्या देखभालीपेक्षा अस्वस्थताही थोडी कमी दिसली, पण ती चित्रफितींच्या निरीक्षणातून. प्रचलित प्रश्नावलीने मोजल्यावर तिन्ही गटांत फरक उरला नाही. पुढे खर्चाचा हिशेब झाला तेव्हा बंद खेळणंच किंचित परवडणारं ठरलं. पारोच्या कैवाऱ्यांना हा निकाल अडचणीचा वाटेल. मला तो आशेचा वाटतो: गुण सगळाच यंत्रात नाही, काही भाग मांडीवरच्या मऊ वजनातही असावा.

आक्षेप दोन, आणि दोन्ही गंभीर. ही फसवणूक आहे, असं तत्त्वज्ञ रॉबर्ट स्पॅरो यांनी यंत्रप्राण्यांबद्दल 2002 मध्येच म्हटलं होतं. पण पारो यंत्र आहे हे ठाऊक असूनही त्याला कुरवाळणारे वृद्ध असतात, आणि ज्यांना ते उमगत नाही त्यांना गुंगीत ठेवणं हा काही अधिक प्रामाणिक उपाय नव्हे. दुसरा आक्षेप माणूस आणि यंत्र यांच्या नात्याच्या अभ्यासक शेरी टर्कल यांचा: यंत्राच्या हाती म्हातारपण सोपवून माणसं मोकळी होतील. ही भीती खरी आहे, म्हणून खेळण्याच्या नावाखाली कर्मचारी कमी करण्याला विरोधच हवा. खेळणं देण्याआधी रुग्णाचं काही दुखतंय का, लघवीला लागलीय का, भूक लागलीय का, हे पाहायला माणूसच लागतो.

राहता राहिली किंमत. पारो सुमारे सहा हजार डॉलरांचं. 2015 मध्ये हॅस्ब्रो कंपनीने आणलेलं घुरघुरणारं मांजर साधारण शंभर डॉलरांत मिळू लागलं. भारतात 2023 च्या एका अभ्यासानुसार साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक डिमेन्शियाने ग्रस्त आहेत आणि बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते. त्यांच्यापर्यंत पारो पोहोचणं कठीण, पण अंगावर घेता येईल असं जरा वजनदार, धुता येणारं मऊ खेळणं कुठल्याही बाजारात मिळतं, आणि रात्रीची गोळी वाढवून मागण्याआधी आठवडाभर ते देऊन पाहायला काहीच हरकत नाही.