ऑडिओलॉजिस्ट व्हायचे तर

माणसाला किती ऐकू येते, बिघाड कानाच्या कोणत्या भागात आहे आणि यंत्र किंवा प्रशिक्षणाने काय साधेल, हे ठरवणारा तज्ज्ञ म्हणजे ऑडिओलॉजिस्ट. औषधे आणि शस्त्रक्रिया ईएनटी सर्जनकडे. मोजमाप आणि पुनर्वसन याच्याकडे.

भारतात या व्यवसायाची मुख्य वाट बीएएसएलपी या पदवीतून जाते. बारावी विज्ञाननंतर तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. श्रवण आणि वाचा हे दोन्ही विषय एकत्रच शिकवले जात असल्याने पुढे स्पीच थेरपीकडेही वळता येते. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय मात्र व्यवसाय करता येत नाही. मुंबईत १९८३ साली स्थापन झालेली वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचे महाविद्यालय, पुण्यात भारती विद्यापीठ, तर राज्याबाहेर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था ही या शिक्षणाची प्रमुख ठिकाणे.

मोठ्यांची तपासणी तशी सोपी. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवायचे आणि प्रत्येक स्वर किती डेसिबलला जेमतेम ऐकू येतो ते आलेखावर मांडायचे. तान्हे बाळ कुठे सांगणार? त्याला झोपवून, डोक्याला इलेक्ट्रोड लावून ‘बेरा’ चाचणीने श्रवणमार्गाचा प्रतिसाद पाहतात. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा दंडक आहे. कारण भाषा रुजण्याची वर्षे थांबत नाहीत. कॉक्लिअर इम्प्लांट सर्जन बसवतो, पण काही आठवड्यांनी ते सुरू करणे आणि पुढे पुन्हा पुन्हा ‘मॅपिंग’ म्हणजे त्याची जुळणी करणे ऑडिओलॉजिस्टचे काम.

खरी कसोटी पुढेच लागते. कानाचे मशीन घेऊन ते कपाटात ठेवणारे आजोबा घरोघरी असतात. भांड्यांचा खणखणाट नकोसा होतो, लग्नातल्या गोंगाटात काहीच उमगत नाही. अशा वेळी मशीनची जुळणी बदलत, घरच्यांना समजावत महिनोन्‌महिने पाठपुरावा करावा लागतो. एमबीबीएस हुकले म्हणून इकडे वळलेल्यांना हा चिवटपणा अंगी बाणवावाच लागतो. शब्द ऐकवून घेतलेली चाचणी रुग्णाच्याच भाषेत व्हावी लागते, म्हणून स्थानिक बोलीची जाण इथे अवजाराइतकीच कामाची.

नोकऱ्या रुग्णालयांत, विशेष शाळांत आणि श्रवणयंत्र कंपन्यांत मिळतात. कंपनीत विक्रीचा दबाव असू शकतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. स्वतःच्या क्लिनिकसाठी आवाजबंद खोली आणि यंत्रांचा खर्च मोठा असल्याने आधी काही वर्षे नोकरी करणे शहाणपणाचे. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतली की अध्यापन आणि संशोधनाची दारे उघडतात. अमेरिकेत व्यवसायासाठी मात्र ‘एयूडी’ ही डॉक्टरेट लागते आणि तिला साधारण चार वर्षे जातात.