विद्यार्थ्यांची ऊर्जा-तपासणी

१९७३ च्या तेलटंचाईने अमेरिकेस इंधनाचे मोल कळले. १९७६ साली तेथील सरकारने विद्यापीठांमार्फत लहान व मध्यम कारखान्यांची विनामूल्य ऊर्जा-तपासणी सुरू केली. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी कारखान्यात जात, दिवसभर मोजमापे घेत व मागाहून मालकास लेखी अहवाल धाडीत. आपल्या वर्गात गणित चुकले तर गुण जातात. तेथे मालकाचा पैसा जाण्याचे भय! आम्हांस विशेष नवल वाटते ते दाबलेल्या हवेचे. नळ्यांच्या सांध्यांतून ती फुसफुसत निसटते. यंत्रांच्या घरघरीत हा आवाज बुडून जातो, यंत्रे थांबली म्हणजेच कानी येतो. देखभाल नसेल तर २० ते ३० टक्के हवा, आणि ती दाबण्यास लागलेली वीजही, अशी वाया जाते. उपाय म्हणाल, तर बहुधा सांधा आवळणे किंवा झिजलेली नळी बदलणे.