मठाबाहेरचा मठ – ४ : अर्धे टाकलेले अक्षर

मागच्या लेखात आपण मठाचे प्रार्थनागृह पाहिले : दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा सामुदायिक प्रार्थना, आठवड्याभरात दीडशेच्या दीडशे स्तोत्रे. ज्यांना मुलांचे डबे भरायचे नाहीत की लोकल गाठायची नाही, त्यांना हे जमेल; प्रापंचिकाने यातून काय घ्यायचे, असे कुणी विचारले तर ते रास्तच आहे. त्याचे उत्तर मात्र प्रार्थनागृहापेक्षा मठाच्या शेतात आणि स्वयंपाकघरात अधिक सापडते.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात इटलीतल्या मोंते कॅसिनोच्या मठासाठी जी नियमावली लिहिली, तिची प्रकरणे ७३. त्यांतले ४८वे रोजच्या कामाचे. ईस्टरपासून ऑक्टोबर लागेपर्यंत उन्हाचे दिवस, म्हणून सकाळच्या गारव्यात अंगमेहनत. ऊन चढले की वाचन, मग जेवण आणि वामकुक्षी. त्या वेळी कुणाला झोपण्याऐवजी वाचायचे असेल तर खुशाल वाचावे, फक्त शेजाऱ्याची झोप मोडू नये, असेही बेनेडिक्ट सांगून ठेवतात. दुपारच्या प्रार्थनेनंतर पुन्हा संध्याकाळपर्यंत काम. पीक काढायला गडी मिळाले नाहीत तर मठवासीयांनी स्वतः शेतात उतरावे आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये. आपल्या हाताच्या कष्टावर जगणारा तोच खरा मठवासी.

एवढे काम सांगूनही नियमावलीचा कामावर भरवसा बेताचाच. प्रार्थनेची घंटा झाली की हातात असेल ते तिथेच टाकून निघायचे, असे ४३वे प्रकरण बजावते. बेनेडिक्टच्या आधी शंभरेक वर्षे जॉन कॅसियन यांनी मठवासीयांच्या याच शिस्तीचे वर्णन केले आहे. पोथी उतरवणारा लेखनिक घंटा ऐकताच उठे. लेखणीखाली जे अक्षर असेल ते पुरे करायलाही थांबत नसे. अक्षर पुरे करायला कितीसा वेळ लागतो? पण ‘एवढे संपवतो आणि येतो’ ही सवय तिथूनच लागते. ऑफिसात शेवटचा मेल पाठवता पाठवता रात्रीचे नऊ कसे वाजतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या नियमाची गरज समजावून सांगायला नको.

कामासाठी दूर गेलेल्यांचे काय? त्याची तजवीज ५०व्या प्रकरणात आहे. वेळेवर मठात पोहोचणे शक्य नसेल तर जिथे असाल तिथेच गुडघे टेका. वाटेवर असाल तर वाटेवर, पण वेळ चुकवू नका. प्रापंचिकांसाठी दार किलकिले झाले ते इथे. प्रार्थनेची वेळ मठाच्या आवाराबाहेरही पाळता येते, हे एकदा मान्य झाले की बाकीचे ओघानेच आले. कॅथलिक गावांत सकाळ, दुपार आणि संध्याकाळ होणारी आंजेलूसची घंटा याच वळणाची. रोजरीतले मूळचे दीडशे ‘नमो मरिया’ही दीडशे स्तोत्रांच्या जागी आले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्या हाती मण्यांची माळ आली. वसईतली संध्याकाळची रोजरी आणि गोव्यातला तेर्स यांचे नाते असे थेट मठाशी पोहोचते.

आता स्वयंपाकघर. रांधण्या-वाढण्याची पाळी आठवड्याची, आणि तब्येत किंवा महत्त्वाची जबाबदारी आड येत नसेल तर ती कुणालाच चुकत नाही. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने पुसायची फडकी धुवायची, भांडी घासून, तुटफूट न करता कोठाराच्या कारभाऱ्याकडे परत द्यायची. मग जुन्या आणि नव्या पाळीवाल्यांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. वाढप्यांना जेवणाच्या वेळेआधी तासभर थोडी भाकरी आणि पेय द्यावे, म्हणजे पंगतीत ते कुरकुरणार नाहीत, ही सोयही नियमात आहे. आणि मठातली कुदळ, घमेले, पातेले यांची निगा वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी राखावी, असे ३१वे प्रकरण कारभाऱ्याला सांगते. म्हणजे खरकटी भांडी घासण्याची जागा पूजेच्या जागेपासून लांब नाही.

घंटा कामाला थांबवते. पण प्रार्थनेला कोण थांबवणार? याचे उत्तर एका गृहिणीच्या चरित्रात आहे. रोमची संत फ्रान्सिस्का (१३८४–१४४०) लहान वयातच लग्न होऊन पोन्झियानी या श्रीमंत घराण्यात गेली. १४२५ मध्ये तिने काही स्त्रियांसह मठाशी बांधिलकी पत्करली, पण पती हयात असेपर्यंत संसार सोडला नाही. आख्यायिका अशी, की ती मरियेची प्रार्थना म्हणत असता घरातून हाक आली. ती उठून गेली. परत येऊन तीच ओळ सुरू करते तो पुन्हा हाक. असे चार वेळा झाले, आणि शेवटी परतली तेव्हा ती ओळ पोथीत सोन्याच्या अक्षरांत उमटली होती. लेखनिकाने प्रार्थनेसाठी अक्षर सोडले, हिने माणसासाठी ओळ सोडली. घंटा कामाचा अहंकार मोडते, तशी घरच्यांची हाक भक्तीचा. नियमावलीही पाहुणा आला तर मठाधिपतीला उपास सोडायला सांगते.

हीच फ्रान्सिस्का आज ओब्लेटांची आश्रयदाती आहे. ओब्लेट म्हणजे आपापल्या घरी राहून एखाद्या विशिष्ट बेनेडिक्टाइन मठाशी जोडलेले स्त्री-पुरुष. सहसा वर्षभराच्या तयारीनंतर ते नियमावलीनुसार, पण आपल्या संसाराला झेपेल तसे जगण्याचे वचन देतात. ती मठवासीयांची व्रते नव्हेत. बहुतेकांची प्रार्थना सकाळ-संध्याकाळच्या स्तोत्रांपुरती असते. न्यूयॉर्कमध्ये १९३३ साली पीटर मॉरिन यांच्यासह ‘कॅथलिक वर्कर’ हे वर्तमानपत्र सुरू करणाऱ्या पत्रकार डोरोथी डे १९५५ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट प्रोकोपियस मठाच्या ओब्लेट झाल्या. बेघरांना सूप वाढणे, वर्तमानपत्राचा अंक काढणे आणि स्तोत्रे म्हणणे हे सारे त्यांच्या एकाच दिवसात मावत असे. पाहुण्यात ख्रिस्त पाहावा, हा ५३व्या प्रकरणाचा आदेश त्यांच्या दारात रांगेने उभा राही.

तेव्हा प्रापंचिकाने मठाची नक्कल करू नये. तिथली सात वेळांची प्रार्थना घरात आणू पाहणारा महिनाभरात थकतो. दिवसातली एक वेळ ठरवावी आणि ती आली की हातातले काम अर्धे टाकावे. त्या वेळेत आजारी आईने हाक मारली, तर प्रार्थनाही तशीच अर्धी टाकावी. दोन्ही सोडणे जमले, तर दोन्हींकडे परतता येते.

काम आणि प्रार्थना यांच्यामध्ये बेनेडिक्ट यांनी रोज काही तास वाचनाला दिले आहेत. मठातले हे संथ, एकेका ओळीवर रेंगाळणारे वाचन कसे चालते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.